शास्त्री रस्त्यावरून पर्वतीपर्यंत

वाचकहो, आज तुम्हाला पुण्यातल्या एका रस्त्यावरून चालवत नेणार आहे. अंतर फार नाही. अलका टॉकीजच्या चौकातून निघायचे, शास्त्री रस्त्याने दांडेकर पुलापर्यंत जायचे आणि तेथून पर्वतीचा पायथा गाठायचा. शेवटच्या १०३ पायऱ्या चढायच्या की खालीच बसायचे, हे ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावे. पुण्याला आलेले पाहुणे शनिवारवाडा पाहतात, सारसबागेतल्या गणपतीचे दर्शन घेतात. या रस्त्यावर मुद्दाम कोणी येत नाही. तरीही तुमच्यापैकी अनेकांचे या रस्त्याशी नाते असण्याचा संभव आहे. तुमचा नातू, नात, भाचा किंवा पुतणी येथे कोठेतरी प्लायवूडच्या एका खणात बसलेली असेल, किंवा काही वर्षे बसून घरी परतलेली असेल.

पहाटे साडेपाचला निघू. लकडी पुलाकडून येणारी वाहने या वेळी तुरळक असतात. चहाच्या दुकानात पहिले आधण चढलेले असते. पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली मुले-मुली नव्या पेठेच्या आणि सदाशिव पेठेच्या गल्ल्यांत शिरताना दिसतात. त्यांच्या चालीकडे जरा पाहा. कामावर निघालेल्या माणसाच्या चालीत एक घाई असते, कारण कोणीतरी त्याची वाट पाहत असते. या मुलांची वाट कोणी पाहत नाही. हजेरीपट नाही, घंटा नाही, उशीर झाला म्हणून रागावणारे कोणी नाही.

ती जेथे जातात त्या जागेला अभ्यासिका म्हणतात. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा एखादा मजला, त्यात दाटीने मांडलेली टेबले, प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी प्लायवूडची भिंत, वर एक दिवा, खाली चार्जिंगची सोय. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत इतकी शांतता की पान उलटल्याचा आवाज ऐकू यावा. महिन्याचे पैसे भरले की जागेचा क्रमांक मिळतो. बाहेर भिंतींवर 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशा चिठ्ठ्या, झेरॉक्सची दुकाने, प्रश्नसंचांचे गठ्ठे, मेसच्या पाट्या आणि परीक्षेत यशस्वी झालेल्यांचे भलेमोठे फलक. त्या फलकांवरचे चेहरे हसरे असतात. निवड न झालेल्यांचा फलक कोणी लावत नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी पट अधिक असते.

माझा दवाखाना याच भागातल्या एका गल्लीत, गेली सव्वीस वर्षे आहे. या काळात मधल्या वयाची कुटुंबे कोथरूडकडे, सिंहगड रस्त्याकडे राहायला गेली. आता माझ्या बाकावर दोनच पिढ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात : सत्तरीच्या पुढची आणि पंचविशीच्या आतबाहेरची. गंमत अशी, की दोघांच्या तक्रारी पुष्कळदा सारख्याच असतात. झोप येत नाही. छातीत धडधडते. पोट बरे नाही. कशात लक्ष लागत नाही. एकाला निवृत्त होऊन काही वर्षे झालेली असतात आणि दुसऱ्याला पदवी मिळून.

हे साम्य माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. ते ज्यांनी दाखवून दिले ते आजोबा काही डॉक्टर नव्हते, एस. टी. तून निवृत्त झालेले वाहक होते. त्यांची गोष्ट सांगण्याआधी माझी चूक सांगितली पाहिजे.

पावसाळ्यातल्या एका सकाळी पंचविशीचा एक मुलगा घाबराघुबरा होऊन आला. बीडकडचा, कृषी पदवीधर, परीक्षेचा तिसरा प्रयत्न. छाती भरून येते, श्वास पुरत नाही, आता आपण जातो की काय असे वाटते. मी तपासले, ई.सी.जी. काढला. सारे ठीक होते. तोवर त्याचे धडधडणेही ओसरले होते. असा भीतीचा झटका बहुधा दहा-पंधरा मिनिटांत शिखर गाठून उतरतो. ज्याला तो येतो त्याला मात्र ती मिनिटे मरणाची वाटतात. मी पित्ताची गोळी लिहून दिली, चहा कमी कर म्हटले आणि पाठीवर थाप मारून सांगितले, "ताण घेऊ नकोस."

वाचकहो, हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारले असेल. ताप आलेल्याला 'तापू नकोस' असे आपण सांगत नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी डोके दुखते म्हणून. बाहेर गर्दी होती. मी पुन्हा गोळी दिली. जेवण जाते का, सकाळी किती वाजता उठतोस, पूर्वी आवडणारे काही अजून आवडते का, यांतले काहीही विचारले नाही. विचारायला दोन मिनिटे पुरली असती. याची बोच मला अधिक आहे. कारण त्या अवस्थेतून मी स्वतः गेले होते. एम. बी. बी. एस. झाल्यावर पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेल या आशेवर मी दोन वर्षे घरी बसले होते. नावापुढे डॉक्टर लागले होते आणि दुपारी तीन वाजता मी माजघरात झोपलेली असे. आई देवळात जाताना मागच्या दाराने जाऊ लागली, कारण पुढच्या ओट्यावरच्या बायका विचारत, "मुलगी काय करते सध्या?"

पदवीनंतर नेमके काय होते, ते जरा सावकाश पाहू. सहाव्या वर्षापासून मुलाच्या दिवसाला बाहेरून आकार दिलेला असतो. घंटा, तास, सुट्टी, परीक्षा, निकाल, पुढचा वर्ग. काय करतोस याचे उत्तर प्रत्येक वर्षी तयार असते. अखेरच्या परीक्षेनंतर एका दिवसात हा सारा सांगाडा काढून घेतला जातो. सोबती चार दिशांना पांगतात. पैसे मागताना आता जीभ जड होते. ज्यांना लगेच नोकरी लागते त्यांना दुसरा सांगाडा मिळतो. ज्यांना लागत नाही, त्यांचा दिवस पातळ होत जातो. स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे तर परीक्षेच्या तारखेवरही नियंत्रण नसते. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा हीच मुले या शास्त्री रस्त्यावर उतरली होती. वर्तमानपत्रांत त्यांचा संताप छापून आला. नंतरचा आठवडाभर माझ्या दवाखान्यात त्यांचे पित्त, त्यांची डोकेदुखी आणि हातांची थरथर येत राहिली.

यातली काही महिन्यांची उदासी म्हणजे आजार नव्हे. ती येते, हळूहळू ओसरते. पण मन खिन्न असणे किंवा कशातही गोडी न वाटणे हे दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागले, तर ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. मुलगे क्वचित रडतात. ते चिडतात, दार आपटतात, फोन उचलत नाहीत, ताट सरकवून उठतात. घरची माणसे त्याला माज म्हणतात.

चला, बोलता बोलता आपण गांजवे चौक मागे टाकला. येथल्या मेसमध्ये एक शब्द वापरतात : खाडा. जेवायला न आल्याची नोंद. त्या मुलाचे सलग चार दिवस खाडे पडले. मेस चालवणाऱ्या ताईंना हिशेबाच्या वहीत ते दिसले आणि त्यांनी त्याच्या खोलीतल्या सोबत्याला हटकले. सोबत्याने गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने आजोबा पुण्यात उतरले आणि तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन माझ्या बाकावर येऊन बसले. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. या साखळीत मी, म्हणजे डॉक्टर, कोठेच नव्हते, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

"बाई, याला रातीला झोप नाही," आजोबा म्हणाले. "माझ्यातली अर्धी गोळी दिली, तवा कुठं डोळा लागला." पिशवीतून त्यांनी आपल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.

येथे थोडे थांबते, कारण हा प्रकार अनेक घरांत चालतो. आपल्याला लिहून दिलेली झोपेची किंवा 'शांत करणारी' गोळी नातवंडांना देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. तिची सवय लागते, दुसऱ्या दिवशी बुद्धी जड होते आणि खरा आजार झाकला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मन हरलेल्या तरुणाच्या हाताशी गोळ्यांचा साठा असू नये. आपल्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या साऱ्या गोळ्या अशा दिवसांत कुलपात ठेवाव्यात.

आजोबांना बाहेर बसवून मी मुलाशी बोलले. जे पहिल्या दिवशी विचारायचे ते सारे विचारले आणि शेवटी हेही विचारले, "जगणे नको, असे मनात येते का?" अनेकांना वाटते की हा प्रश्न विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मूल सुटकेचा श्वास टाकते. तो बराच वेळ टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला. "मरावं असं नाही, मॅडम," तो म्हणाला, "पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं."

मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून त्याला दुपारी पाठवले. रक्ताच्या तपासण्याही केल्या, कारण थायरॉईड बिघडलेले असले किंवा रक्त, बी-१२ कमी असले तरी माणूस असाच मलूल होतो. उपचार सुरू झाले. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ती झोपेच्या गोळीसारखी नसतात, त्यांचे व्यसन लागत नाही, पण मनाने बंद करायची नसतात. हे मी आजोबांना दोनदा समजावले. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले :

"मी रिटायर झालो आन् सहा महिने पहाटं चारला उठून बसायचो, बाई. अंगावर खाकी नाही, गाडी नाही, जायचं कुठंच नाही. घरचे म्हणायचे, आता आराम करा. आराम कशाचा? माणूस उठतो कशासाठी, तेच कळंना. याला बघितलं आन् वळखलं. ह्यो बी तसाच बसलाय."

निवृत्तीची तयारी कशी करावी यावर आपल्याकडे व्याख्याने होतात. पदवी मिळाली की मात्र आपण पेढे वाटतो आणि महिन्याभरात विचारू लागतो, "मग, पुढे काय?" निवृत्त माणसाला निदान पुढचे विचारत नाहीत. पण सकाळ रिकामी होणे म्हणजे काय, हे घरात कोणाला खरोखर ठाऊक असेल तर ते तुम्हाला. नोकरीत बुडालेल्या त्याच्या आईवडिलांना ते ठाऊक नाही.

सोबती गावी गेल्यामुळे खोलीत एक कॉट रिकामी होती. आजोबा पंधरा दिवसांसाठी तेथे राहिले. रोज पहाटे ते नातवाला घेऊन आपण आता चालतो आहोत याच रस्त्याने पर्वतीवर जाऊ लागले. उपदेश नाही, परीक्षेचा विषय नाही, चुलतभावाच्या नोकरीची गोष्ट नाही. पहिले तीन दिवस मुलगा अर्ध्यावरच बसून राहिला. आजोबाही त्याच्याशेजारी बसले. रात्री कधीही झोपला तरी उठवायचे मात्र त्याच वेळी, एवढे एकच पथ्य त्यांनी धरले. झोपेचे तज्ज्ञही हेच सांगतात : झोपायची वेळ आपल्या हाती नसते, उठायची असते. त्यात सकाळचा उजेड आणि चढणीची दमणूक मिळाली की आठवड्या-दोन आठवड्यांत रात्र आपोआप सुधारू लागते.

दांडेकर पूल आला. आता समोर टेकडी दिसते. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दगडी पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, चढताना त्रास कमी. उतरताना मात्र गुडघ्यांवर भार येतो, म्हणून कडेने, आधार धरून उतरावे. वर देवदेवेश्वराचे देऊळ. नानासाहेब पेशव्यांनी ते बांधवले आणि पानिपताच्या धक्क्यानंतर जून १७६१ मध्ये ते याच टेकडीवर वारले. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ त्या युद्धात गेले होते. त्या भाऊंच्याच नावाची सदाशिव पेठ वरून समोर पसरलेली दिसते, तिच्यातल्या साऱ्या अभ्यासिकांसह. मी हे सांगत असता आजोबा मिस्कीलपणे म्हणाले, "त्यांना बी कुणी म्हणलं असंल, ताण घेऊ नका." नातवाने त्यांना माझे वाक्य सांगितलेले दिसत होते. तो हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिले.

नोव्हेंबर होता. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आजोबांनी पर्वतीवरच्या कट्ट्यावर बसून नातवापुढे मोबाइल केला आणि म्हणाले, "हे तेवढं कर बाबा, मला जमत नाही." मुलाने टोपी काढायला लावली, डोळे मिटा, उघडा म्हटले. दोनदा फसले, तिसऱ्यांदा झाले. किती क्षुल्लक काम! पण बऱ्याच दिवसांनी त्याच्या हातून एक काम त्याच दिवशी पुरे झाले होते आणि ते कोणाला तरी हवे होते. तुमच्याही घरी अशी कामे असतील : बँकेत सोबत येणे, औषधांची यादी लिहून काढणे, दूध आणणे. दया म्हणून नव्हे, खरोखर गरज असलेली कामे द्या. आणि भीतीचा झटका आलाच, तर शेजारी बसून चार अंक मोजत श्वास घ्यायला आणि सहा अंक मोजत सोडायला लावा. तुम्हीही त्याच्याबरोबर घ्या. त्याला जमेल तितकेच पुरे.

सगळेच असे सुरळीत होत नाही, हे मी जाणते. काही मुले आजोबांवरही ओरडतात. काही घरांत आजीचेच मन खचलेले असते. मूल मरणाची भाषा बोलू लागले, वस्तू वाटून टाकू लागले किंवा निरोपासारखे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. तो क्रमांक सांभाळणाऱ्या माणसानेही स्वतःसाठी फिरवावा. रात्री दार उघडे ठेवून जागणाऱ्या आजोबांचा रक्तदाब मी त्या पंधरा दिवसांत दोनदा मोजला. दोन्ही वेळा वाढलेला होता.

त्या मुलाची पुढच्या वर्षीही निवड झाली नाही. तो बीडला परतला आहे आणि ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या दुकानात काम करतो. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होत बंद झाली. आणखी एकदा परीक्षेला बसावे का, असे त्याने मला विचारले होते. मी मत दिले नाही. ते माझे काम नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात आजोबांचा फोन आला. दाखला झाला, नातवानेच केला, या खेपेस टोपी आधीच काढून ठेवली होती. गावाबाहेरच्या टेकडीवर दोघे जातात. मी विचारले, "अजून तुम्हीच उठवता का त्याला?"

"आता ह्योच मला उठवतो, बाई," ते म्हणाले. "मलाच थंडीचं उठू वाटंना."